कोवळं शिंग

श्रावणात बंदूक खाली ठेवायची, हे जंगलाकडच्या कुत्र्यालाही ठाऊक.
पण पाहुणा बेळगावचा होता, आणि बंदूक नवी.

रात्री अकराला जीप आली गंगावेशीत.
ताडपत्रीखाली दाजीपूरचं सांबर.
धड त्यांचं, वाटणी तिथंच ठरलेली.
मुंडकं आमचं.

वडील, सखोबा जिनगर,
खोगिरांचं काम आटल्यावर मुंडकी भरायला लागलेले,
कंदील वर धरून बराच वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, "शिंग अजून पिकलं न्हाई की ह्याचं."
आणि मला म्हणाले, "हात लाव."

कोमट होतं.
शिंग कोमट असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
वर दाट, तपकिरी लव,
त्याच वर्षी माझ्या ओठावर आलेल्या मिसरुडासारखी,
आणि टोकं बोथट, गुबगुबीत,
बाळाच्या मुठी असाव्यात तशी.

वाळलेल्या शिंगाला काही लागत नाही,
पुसायचं, फळीवर ठोकायचं, झालं.
ओल्याला घाई असते.
पहाटेच्या आत रक्त निघालं नाही
तर आठ दिवसांत वास सुटतो
आणि पंधराव्या दिवशी लव हातात येते, कणसाच्या केसांसारखी.

तुळईला उलटं टांगलं.
इब्राहीम शिकलगारानं धार लावलेल्या पात्यानं
टोकाटोकाला चीर दिली, गव्हाएवढी.
बुडाशी शीर शोधून
जनावरांच्या दवाखान्यातल्या पितळी पिचकारीनं मिठाचं पाणी.
मी घमेलं धरून.
आधी काळपट पडलं, मग लाल, मग गुलाबी,
मग बाहेरच्या पावसात आणि घमेल्यातल्या थेंबात
आवाजाचा फरक उरला नाही.
"आता थोरल्या दवाखान्याची बाटली दे."
फॉर्मालिननं माझे डोळे वाहायला लागले.
वडिलांनी बघितलं, आणि बाटलीवरच ढकललं.
"उग्र असतंय."

एक चीर जरा जास्त गेली होती, डाव्या फांदीवर.
ती शिवायला सुई माझ्या हातात दिली.
चार टाके. तिसरा वाकडा.
तो त्यांनी उसवला नाही.

कोल्हापुरात त्या श्रावणात उन्हाचा पत्ता नव्हता.
तुरटी लावून, टाकणखार भुरभुरून
मुंडकं चुलीपासून चार हातांवर टांगलं.
तीन आठवडे आई
त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापायची.
एकदाच म्हणाली, "बघतंय वो ते."
डोळे तर पहिल्याच रात्री काढले होते.

रात्री विडी पेटवून वडील सांगत होते.
कुणाला, ते कळत नव्हतं.
दिवाळीच्या सुमाराला ह्यानं आपणहून
ऐनाच्या बुंध्याला घासघासून ही साल फाडली असती.
रक्ताळ चिंध्या लोंबत हिंडला असता एखादा दिवस,
त्यातल्या काही खाल्ल्याही असत्या स्वतःच.
त्याच्याखाली हाड, पांढरं, मग झाडाच्या रसानं काळं होत जाणारं.
"तवा कुठं नर."
विडी विझली तरी हातात धरून बसले.
"जे त्यो टाकणार हुता, तेच आपण जपत बसलोय."

पाहुण्यानं पैसे दिले, वर पाच रुपये बक्षीस.
आईनं त्या पाचाचं काय केलं, कधी सांगितलं नाही.

परवा ताराबाई पार्कातून फोन आला.
पाहुण्याची नात. घर विकायचंय,
वनखात्याच्या कागदावर ह्याचा नंबर आहे,
पण दलाल म्हणतो, शिंगांवर कापड चिकटवलंय,
नाटकातलं असणार.
तुम्ही बघून सांगाल?

शिडीवर चढू नका म्हणत होती. चढलो.
एका कानाला कसर लागलेली,
काचेच्या डोळ्यावर धूळ,
नाकाचा रंग उडालेला.
लव मात्र होती तशी. साठ पावसाळे झाले,
आणि अजून कोवळी.
माझी मिशी केव्हाच पिकली, मग मी ती काढूनही टाकली.

डाव्या फांदीवर बोट फिरवत गेलो.
एक, दोन, आणि तिसरा.
गार होतं.

"खरं आहे का हो?" तिनं खालून विचारलं.
म्हणालो, व्हय.
"मग काय काळजी घ्यायची?"

मला बरंच सांगता आलं असतं.
म्हणालो,
उन्हात ठेवू नका.